करंगळीचा ताण आणि पिकचा मेळ: दोन वेगळ्या तक्रारी, दोन वेगळे रियाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही गेले आठ महिने गिटार शिकत आहात. फोर्टमधील कार्यालयातून मुलुंडला घरी पोहोचल्यावर रोज रात्री अर्धा तास, सहाही तारांवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या पट्ट्यांनी आखलेले घर) एक-दोन-तीन-चार, म्हणजे तर्जनी ते करंगळी, असा बोटांचा व्यायाम करता. तरीही करंगळी चौथ्या फ्रेटपर्यंत नीट पोहोचत नाही, मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांच्या पुढे नेला की डाव्या हाताची बोटे आणि उजव्या हातातील पिक (तार छेडण्याची चिमटीतली चकती) यांची फारकत होते, आणि शेवटच्या दहा मिनिटांत डावा हात कोपरापर्यंत भरून येतो. बोटे ताकदवान करण्यासाठी स्प्रिंगचे उपकरण विकत घ्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे.

उपकरण घेऊ नका. त्याची कारणे पुढे ओघात येतील. आधी मूळ चुकीकडे येतो, कारण ती तुमची एकट्याची नाही. दादरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण तीच चूक घेऊन येतात. एकाच व्यायामातून तुम्ही बोटांचा ताणही वाढवू पाहता आणि दोन्ही हातांचा मेळही बसवू पाहता. या दोन गोष्टींच्या गरजा परस्परविरोधी आहेत. ताण संथपणे, घड्याळाकडे न पाहता आणि खालच्या, म्हणजे कमी क्रमांकाच्या फ्रेटकडे हळूहळू सरकत वाढवायचा असतो. मेळ मात्र जिथे अजिबात ताण पडत नाही अशा वरच्या फ्रेटवर, मेट्रोनोमच्या ठोक्याशी बांधून घेत बसवायचा असतो. पहिल्या फ्रेटवर वेगाने एक-दोन-तीन-चार वाजवणारा माणूस दोन्ही गोष्टी अर्धवट करतो आणि हात मात्र पुरता थकवून घेतो.

पहिला फ्रेट नेमका किती महाग पडतो, ते मोजून पाहण्यासारखे आहे. नटपासून (नेकच्या टोकाची आडवी पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारच्या पेटीवर तारा बांधलेल्या असतात ती जागा) तारेची लांबी ६४८ मिमी धरली (पूर्ण आकाराच्या बहुतेक गिटारींची ती याच्या आसपास असते) तर पहिल्या फ्रेटच्या पट्टीपासून चौथ्या फ्रेटच्या पट्टीपर्यंतचे अंतर सुमारे ९७ मिमी भरते. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच अंतर ७७ मिमी होते आणि नवव्यापासून बाराव्यापर्यंत अवघे ६१ मिमी, कारण प्रत्येक पुढचा फ्रेट आधीच्यापेक्षा सुमारे ५.६ टक्क्यांनी अरुंद होत जातो. दिवसभर संगणकाच्या कळांवर जवळजवळ ठेवलेली बोटे रात्री साडेनऊ वाजता एकदम ९७ मिमी फाकवायची आणि वर वेगही मागायचा, हा हातावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट हाताच्या रचनेची. उजव्या हाताने गिटार बाजूला ठेवा आणि डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर जी उंच गाठ दिसते ते सांधे, काटकोनात वाकवून बोटे बाजूला फाकवून पाहा. ती जवळपास फाकतच नाहीत. आता तेच सांधे सरळ करून पाहा. बोटे सहज पंख्यासारखी उघडतील. मुळाचा सांधा वाकला की त्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध ताठ होतात आणि बोटाला आडवे हलू देत नाहीत. यात ताकदीचा काहीच संबंध नाही. त्यामुळे ज्याची करंगळी पोहोचत नाही, त्याच्या करंगळीकडे मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी अंगठा पाहतो, मग मनगट, मग मुळाचे सांधे.

अंगठा नेकच्या वरच्या कडेवरून डोकावत असेल तर तळहात नेकला चिकटतो, करंगळीचे मूळ फ्रेटबोर्डपासून (नेकची तारांखालची बाजू) लांब जाते आणि करंगळीला तिरके, लांबून यावे लागते. अंगठा नेकच्या मागे मध्यावर, साधारण मधल्या बोटाच्या समोर आणा. तळहात आणि नेक यांच्यात एक लिंबू राहील इतकी पोकळी ठेवा. करंगळीचे मूळ तर्जनीच्या मुळाइतकेच फ्रेटबोर्डच्या कडेजवळ आले पाहिजे, ही माझी एकच कसोटी. मनगट मात्र पुढे फार वाकवू नका, कारण ते जितके वाकेल तितकी बोटांची पकड दुबळी होते. हे सगळे जमत नसेल तर बहुधा गिटारच आडवी धरली जाते आहे. नेकचे टोक खांद्याच्या उंचीला येईल इतके वर उचला, किंवा गिटार डाव्या मांडीवर घेऊन त्या पायाखाली पाट ठेवा. अकूस्टिक गिटार उजव्या मांडीवर घेऊन सोफ्यात रेलून बसणारे विद्यार्थी करंगळीची तक्रार घेऊन आले की मी त्यांना आधी घरातील स्वयंपाकाच्या टेबलाची खुर्ची वापरायला सांगतो, आणि अर्धी तक्रार तिथेच मिटते.

लोकल गाडीचाही हिशेब यात धरायला हवा. गर्दीत पाऊण तास वरची कडी पकडून उभे राहताना जे स्नायू आवळलेले असतात, तेच कोपराखालचे स्नायू तार दाबायलाही लागतात, कारण बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि त्यांचे स्नायुबंध मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. तुमचा हात कोपरापर्यंत भरून येतो तो यामुळे. स्प्रिंगचे उपकरण नेमके याच, आधीच थकलेल्या स्नायूंना आणखी कामाला लावते. बोटे फाकवण्याचे काम तळहातातील छोटे स्नायू करतात, त्यांना त्याचा उपयोग नाही. शक्य असेल तर परतीच्या प्रवासात कडी उजव्या हाताने धरा. घरी पोहोचल्यावर कोमट पाण्याने हात धुवा, दोन मिनिटे मूठ सावकाश उघडा-मिटा, खांदे सोडून हात लोंबकळू द्या. दुसऱ्या हाताने बोटे मागे ओढण्याचा प्रकार थंड हातावर कधीही करू नका. वातानुकूलित सरावाच्या खोलीत तर मुळीच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. विशीत असताना एका कार्यक्रमापूर्वी मी पाच फ्रेटचा ताण येणारी एक स्वररचना तासभर सलग घोटली. त्या वेळी माझ्या शिक्षकांनी ‘दुखले म्हणजे बोट उघडते आहे’ असे सांगितले होते आणि मी ते खरे मानले. कार्यक्रम कसाबसा पार पडला. त्यानंतर सहा आठवडे मला चहाचा कपही डाव्या हाताने उचलवत नव्हता. ताणाची जाणीव आणि वेदना यांतला फरक तेव्हा कळला. तळहातात पसरणारी सौम्य ओढ चालते; टोचणारी, एका जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ आली की थांबायचे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा टिकून राहत असेल, तर शिक्षकाला विचारत न बसता हाडांच्या किंवा हाताच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता ताणाचा रियाज. तिसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी), नवव्या फ्रेटपासून सुरुवात करा. क्रम मात्र उलटा ठेवा: आधी करंगळी बाराव्या फ्रेटवर ठेवा, मग अनामिका, मग मधले बोट, आणि शेवटी तर्जनी मागे नेऊन नवव्यावर टेकवा. बहुतेक लोक तर्जनी रोवून करंगळीला पुढे ढकलतात, आणि करंगळी हे आखूड आणि दुबळे बोट असल्याने ती आक्रसते. करंगळीला आधी तिच्या घरी बसवून तर्जनीला मागे झुकवले तर काम सोपे होते, कारण तर्जनी सर्वांत मोकळी आहे आणि तिला नखाकडच्या कडेवर किंचित लोळूनही टेकता येते. चारही बोटे टेकलेली असताना एकेक स्वर सावकाश वाजवा, श्वास सोडा, आणि अख्खा हात एक फ्रेट नटकडे सरकवा. असे करत जा. ज्या जागी अंगठा घसरू लागतो, मनगट वळते किंवा एखादा स्वर खरखरतो, ती आजची सीमा. तिथे तीन वेळा वाजवून परत वर या. कोणाची सीमा पाचव्या फ्रेटवर असते, कोणाची तिसऱ्या. ती आठवड्यात एक फ्रेट सरकली तरी पुष्कळ. तोपर्यंत पहिल्या जागेवरची गाणी वाजवायचीच असतील तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. मग तोच चार फ्रेटचा टप्पा ९७ ऐवजी सुमारे ८७ मिमीचा होतो, आणि हा एक सेंटिमीटर नवख्या हाताला फार मोठा दिलासा असतो.

अनामिकेचे दुखणे वेगळे आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट तळव्याखाली दुमडा आणि अनामिका वर उचलून पाहा. ती जागची हलणार नाही. हाताच्या पाठीवर या बोटांचे स्नायुबंध एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे अनामिका आणि तिचे शेजारी पूर्ण स्वतंत्र कधीच होणार नाहीत. त्यांना उंच उचलण्याचा हट्ट सोडून कमी उचलायला शिकवायचे. चारही बोटे तिसऱ्या तारेवर नऊ ते बारा या फ्रेटवर टेकलेली ठेवा, आणि फक्त अनामिका उचलून दुसऱ्या तारेवर त्याच फ्रेटवर न्या, परत आणा, मग करंगळी, मग दोघींची अदलाबदल, म्हणजे एक जाताना दुसरी परत येईल अशी. पिक लागत नाही, आवाजही लागत नाही. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, पण दोन मिनिटांत भल्याभल्यांची जीभ दातांखाली येते. माझ्या एका विद्यार्थिनीची करंगळी प्रत्येक स्वरानंतर बोटभर उंच उडून ताठ उभी राहायची. तिला मी तीन आठवडे वेगाचे काहीही वाजवू न देता एवढेच करायला लावले. करंगळी तारेपासून पेराच्या चतुर्थांशावर आली आणि वेग आपोआप वाढला, कारण प्रत्येक वेळी कापायचे अंतरच उरले नाही.

दाब किती द्यायचा हेही एकदा मोजून घ्या. पाचव्या फ्रेटवर बोट तारेवर नुसते टेकवून पिकने छेडत राहा आणि दाब तसूतसूने वाढवा. आधी मुका आवाज, मग खरखर, आणि मग एका क्षणी स्वर स्वच्छ लागतो. तेवढाच दाब पुरेसा आहे. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या अगदी मागे ठेवले तर हा दाब आणखी कमी लागतो. ही चाचणी केल्यावर बहुतेकांना कळते की आपण दुप्पट जोराने दाबत होतो.

मेळाकडे वळू. ८० च्या पुढे नेमके काय बिघडते हे आधी शोधावे लागते, कारण ‘हात जुळत नाहीत’ हे वर्णन आहे, निदान नव्हे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते निम्म्या गतीने ऐका. ‘टन’ असा एकच आवाज येण्याऐवजी ‘ट-टन’ असा दुहेरी आवाज येत असेल, तर पिक आधी पडते आहे आणि बोट मागाहून येते आहे. स्वर लागून लगेच मध्येच तुटत असेल, तर पुढचा स्वर यायच्या आधीच बोट उचलले जाते आहे. बोट तारेवर पूर्ण बसलेले असताना पिक पडायला हवे. बोट निमिषभर आधी, पिक निमिषभर नंतर. दोष कुठल्या हातात आहे हे कळण्यासाठी एकदा पिक बाजूला ठेवून डाव्या हातानेच हॅमर-ऑन करत, म्हणजे बोट तारेवर आपटून स्वर काढत, तोच क्रम ठोक्यावर वाजवा, आणि एकदा डाव्या हाताने तारा हलकेच मुक्या करून फक्त उजवा हात चालवा. जो हात एकटा असतानाही अडखळतो, त्याला आधी वेगळा रियाज द्या. माझ्या अनुभवात दोष मानला जातो उजव्या हाताचा आणि निघतो डाव्याचा.

उजव्या हाताचा खरा कस तार बदलताना लागतो. तिसरी आणि दुसरी तार मोकळी घ्या. तिसऱ्या तारेवर डाऊनस्ट्रोक (पिक वरून खाली) आणि दुसऱ्या तारेवर अपस्ट्रोक (खालून वर) केला तर पिक या जोडीच्या बाहेरून फिरते. तिसरीवर अपस्ट्रोक आणि दुसरीवर डाऊनस्ट्रोक केला तर ते दोन तारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अडकून काम करते. दुसरा प्रकार बहुतेकांना जड जातो. आता तुमचा व्यायाम पाहा: प्रत्येक तारेवर चार स्वर, सुरुवात डाऊनस्ट्रोकने. सहाव्या तारेकडून पहिलीकडे जाताना प्रत्येक बदल आतल्या प्रकारचा होतो, आणि परत येताना प्रत्येक बदल बाहेरच्या प्रकारचा. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या तारेवर पोहोचलात की पुन्हा सहाव्यापासून सुरू करता. म्हणजे आठ महिने तुम्ही बाहेरच्या बदलाचा रियाजच केलेला नाही. परतीचा प्रवास सुरू करा, आणि एक दिवसाआड सगळे अपस्ट्रोकने सुरू करून वाजवा. त्याच्या जोडीला प्रत्येक तारेवर तीनच स्वर घ्या, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी. स्वरसंख्या विषम असल्याने प्रत्येक तारेची सुरुवात आळीपाळीने वेगळ्या स्ट्रोकने होते आणि दोन्ही बदल एकाच फेरीत येऊन जातात. पिक फार लवचीक नको. एक मिलिमीटरच्या आसपासचे घ्या आणि त्याचे टोक बोटांबाहेर थोडेच ठेवा.

एक-दोन-तीन-चार हा एकच क्रम नाही, हे आपल्याकडच्या गाणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त खंडमेरूची जी रीत दिली आहे, तिच्याने चार स्वरांचे २४ क्रम निघतात आणि सात स्वरांचे ५०४०. चार बोटांचेही तेच २४. मात्र रोज चोवीसच्या चोवीस वाजवण्याचा जो प्रघात पडला आहे तो मला पटत नाही. तो हिशेब पूर्ण करतो, हात नाही. एका आठवड्याला दोन क्रम पुरेत. पहिल्यांदा १-३-२-४ आणि १-४-२-३ घ्या, त्यानंतर २-४-१-३. मग त्याच क्रमावर जोर फिरवा: पहिल्या स्वरावर, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. ज्या बोटावर जोर देता येत नाही, ते बोट उशिरा येते आहे असे समजा. तबल्याशी ज्यांची ओळख आहे त्यांनी चार बोटांचा क्रम एका ठोक्यात तीन स्वर अशा तिस्र गतीत वाजवून पाहावा. जोर दर वेळी वेगळ्या बोटावर पडत जातो आणि बारा स्वरांनी पुन्हा तर्जनीवर येतो. वेग न वाढवता मेळ घट्ट करणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

वेगाचे म्हणाल तर, ६० च्या ठोक्यात चार स्वर म्हणजे सेकंदाला चार स्वर. ८० ला ते पाचाच्या वर जातात. तुमचा तेथे तुटणारा मेळ ७६ लाच सैल झालेला असणार, फक्त कानाला जाणवत नसेल. ६० ला परत जा, नवव्या फ्रेटवर वाजवा, आणि सलग तीन फेऱ्या स्वच्छ आल्या तरच चारने वाढवा. आठवड्यातून दोनदा छोटे झटके घ्या: एका ठोक्यात दोन स्वर असे तीन ठोके सावकाश, चौथ्या ठोक्यात चटकन चार स्वर, आणि पुढच्या समेवर एकच स्वर वाजवून पूर्ण थांबणे. त्या थांबण्यात हात सैल सोडायला शिकणे हाच त्याचा हेतू आहे.

गिटारची तपासणीही करून घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात अकूस्टिक गिटारचे लाकूड ओल धरते, वरची फळी फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात. बाराव्या फ्रेटवर सहावी तार साधारण अडीच मिमी आणि पहिली दोन मिमीच्या आसपास उंच असावी. त्याहून बरीच उंच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून नेक आणि सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) पाहून घ्यावी. गंजलेल्या तारांवर बोट सरकत नाही आणि दोष बोटाला दिला जातो, म्हणून जून ते सप्टेंबर तारा नेहमीपेक्षा लवकर बदला आणि वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसा.

या सगळ्याला रोज पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नका: दोन मिनिटे हात सैल करायला, पाच ताणाला, आठ मेळाला, उरलेला वेळ गाण्याला. गाडी उशिरा आली आणि घरी पोहोचायलाच साडेदहा वाजले, तर ताणाचा भाग गाळा, थकलेल्या हाताला तो मानवत नाही. मेळाचा भाग मात्र तेव्हाही करता येतो. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर ब्रिजजवळ तारांखाली रुमालाची घडी सरकवून द्या. आवाज बुटका होऊन भिंतीपलीकडे जात नाही, आणि स्वर लांबत नसल्याने बोट व पिक यांच्यातले ‘ट-टन’ उलट अधिक स्पष्ट ऐकू येते.